जनरल, गव्हर्नर, खासदार : जॉन माल्कमची कारकीर्द संशोधकानं कशी वाचावी?

सिनॉप्सिसमध्ये 'ऐतिहासिक पार्श्वभूमी' नावाचं एक पान असतं. विषय कोणताही असो, शेती, जंगल, आरोग्य, शिक्षण, ते पान असतंच. आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या पानावर पहिलं वाक्य ठरलेलं असतं: १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि इंग्रजांचा अंमल सुरू झाला. पुढच्याच वाक्यात आपण १९४७ ला पोचतो आणि तिसऱ्या वाक्यात आपल्या तालुक्यात.

पेटची तयारी करणाऱ्यांनी मला विचारलं होतं की विज्ञानाच्या विद्यार्थ्यानं इतिहास वाचायचा कशाला. माझी एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रातली, काम जंगलावरचं, बसायचं धानोऱ्यात. पण मध्य भारतातल्या जंगलाबद्दल, तिथल्या लोकांबद्दल जुन्यात जुनं इंग्रजी लिखाण शोधायला लागलं की वनस्पतिशास्त्रज्ञ फार उशिरा भेटतात. आधी भेटतात फौजी. घोड्यावरून फिरलेले, लढाई केलेले, मग त्याच मुलखाचा कारभार पाहिलेले आणि मग त्यावर जाडजूड पुस्तकं लिहिलेले. तुम्ही ज्याला 'डेटा' म्हणून उचलता तो या लोकांनी गोळा केलाय. प्रयोगशाळेत आपण रीडिंगच्या आधी उपकरण तपासतो ना? इथं उपकरण म्हणजे माणूस. म्हणून आज एकच माणूस घेऊ आणि नीट तपासू: सर जॉन माल्कम.

या प्रकारचा माणूस जगात सगळीकडे सापडतो. स्पेनचा जनरल हुआन प्रिम १८४७-४८ मध्ये प्वेर्तो रिकोचा गव्हर्नर होता, १८६८ च्या क्रांतीत पुढं आला, पंतप्रधान झाला आणि १८७० च्या डिसेंबरात माद्रिदच्या रस्त्यावर त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. व्हालेरियानो वेलर आधी फिलिपिन्सचा, नंतर क्युबाचा गव्हर्नर आणि पुढं युद्धमंत्री. स्पेनमध्ये जनरल थेट राजधानीत जाऊन सरकार पाडू शकत होता. इंग्रजांकडे तसं नव्हतं. तिथं फौजी माणसाला वर चढायचं तर ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांची मर्जी, लंडनमधल्या मंत्र्यांची ओळख आणि छापलेलं पुस्तक, या तिन्ही शिड्या लागायच्या. माल्कमनं तिन्ही वापरल्या. तिसरी शिडी आपल्या दृष्टीनं महत्त्वाची आहे. ती लक्षात ठेवा.

जन्म २ मे १७६९, स्कॉटलंडमध्ये लँगहोमजवळच्या बर्नफूट या शेतावर. बाप कुळानं शेती करणारा, कर्जात बुडालेला, आणि घरात १७ पोरं. बाराव्या-तेराव्या वर्षी शाळा सुटली. कंपनीच्या नोकरीसाठी लंडनला मुलाखत झाली. तिथं म्हणे संचालकांनी विचारलं, हैदर अली समोर आला तर काय करशील? पोरगा म्हणाला, तलवार काढून त्याचं मुंडकं उडवीन. लगेच भरती. गोष्ट छान आहे, प्रत्येक चरित्रात आहे, आणि ती पुढं मोठ्या झालेल्या माणसाबद्दल सांगितलेली लहानपणीची गोष्ट आहे. एवढं म्हणून पुढं जायचं. १७८३ मध्ये तो मद्रासला उतरला तेव्हा १४ वर्षांचाही पूर्ण नव्हता.

पुढची पंचवीस-तीस वर्षं मी भराभर सांगतो, कारण ती कुठल्याही चरित्रात मिळतील. सुरुवातीला जुगार आणि कर्ज. मग त्याला कळलं की फौजेत नुसत्या बंदुकीनं बढती होत नाही, भाषा लागते. तो फारसी शिकला. हे त्याच्या आयुष्यातलं खरं वळण. फारसी येते म्हणून निजामाच्या फौजेबरोबर दुभाष्या, तिथून हैदराबादच्या रेसिडेंटचा सहायक, १७९९ ला श्रीरंगपट्टणम पडल्यावर म्हैसूरची व्यवस्था लावणाऱ्या मंडळाचा सचिव. त्याच वर्षाच्या शेवटी इराणच्या शहाकडे वकील म्हणून रवाना. इराणच्या एकूण तीन वाऱ्या झाल्या, पहिली गाजली, दुसरी पूर्ण फसली. पण त्यातून १८१५ मध्ये इराणच्या इतिहासाचे दोन खंड निघाले आणि लंडनमध्ये तो 'विद्वान' म्हणून ओळखला जाऊ लागला. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात आर्थर वेलस्लीबरोबर होता, आसईची लढाई मात्र आजारपणामुळे हुकली. शिंद्यांशी बऱ्हाणपूरचा तह फेब्रुवारी १८०४ मध्ये त्यानंच घडवला. हा वेलस्ली पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, पंतप्रधान झाला. मैत्री शेवटपर्यंत टिकली. ही दुसरी शिडी.

आता १८१७. इथं थांबूया, कारण इथूनच आपल्या 'ऐतिहासिक पार्श्वभूमी'चं ते पहिलं वाक्य तयार होतं.

ऑगस्ट १८१७ मध्ये माल्कम साताऱ्याजवळ माहुलीला दुसऱ्या बाजीरावाला भेटला. जूनमध्येच पुण्याचा तह लादला गेला होता, बाजीराव दुखावलेला होता. त्यानं माल्कमपुढं रडगाणं गायलं आणि माल्कमला पटलं की हा माणूस आता इंग्रजांना पेंढाऱ्यांविरुद्ध मदत करील. त्यानं फौज वाढवायला उत्तेजनच दिलं. पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याला शंका होती. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली आणि त्या वाढवलेल्या फौजेचं काय झालं ते सगळ्यांना दिसलं. फारसी उत्तम, माणसं पारखण्याबद्दल आत्मविश्वास प्रचंड, आणि समोरच्यानं डोळ्यांत पाणी आणलं की विरघळणारा. हे त्याचं 'उपकरण' म्हणून कॅलिब्रेशन समजा. तो माणसांच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा. ही गोष्ट राजकारणात महाग पडली आणि पुस्तक लिहिताना कामाला आली.

२१ डिसेंबर १८१७. उज्जैनच्या उत्तरेला क्षिप्रेकाठी महिदपूर. होळकरांची फौज पलीकडच्या काठावर तोफा लावून उभी. आदल्याच दिवशी होळकरांच्याच छावणीत कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईला मारण्यात आलं होतं आणि गादीवरचा दुसरा मल्हारराव अकरा-बारा वर्षांचं पोर होतं. सेनापती सर थॉमस हिस्लॉप, पण नदी ओलांडून तोफांवर चालून जाणाऱ्या तुकडीचं नेतृत्व माल्कमकडे. कंपनीची जवळपास आठशे माणसं मेली किंवा जखमी झाली. लढाई जिंकली. दोन आठवड्यांनी, ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरांचा मुलूख, खानदेशासह, गेला. लढाईत पुढं असलेला माणूसच तहाच्या वाटाघाटीतही होता. एका हातानं घेतलेलं दुसऱ्या हातानं लिहून घेतलं, असं म्हणा हवं तर.

आता आपल्याकडे या. पळता बाजीराव १८१८ च्या एप्रिलमध्ये चांद्याच्या दिशेनं येत होता. होय, आपलाच चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांकडून चांद्याच्या किल्ल्याचा आसरा मिळेल ही आशा. पण वर्धा नदीच्या बाजूनं वाट अडवली गेली आणि पांढरकवड्याजवळ कर्नल ॲडम्सनं त्याला गाठून पिटाळलं. ॲडम्स मग चांद्यावर चालून आला आणि मे महिन्यात किल्ला पडला. चांद्याची वाट बंद झाली म्हणून बाजीराव वायव्येला वळला, आणि बऱ्हाणपूर-असीरगडच्या बाजूला माल्कमच्या पट्ट्यात येऊन अडकला. आपल्या जिल्ह्याचा त्या घटनेशी संबंध एवढाच, पण तो आहे. पाठ्यपुस्तकात सहसा पुण्याची बाजू येते आणि शरणागतीची जागा येते. मधला विदर्भाचा तुकडा गळतो.

जून १८१८ च्या पहिल्या दिवसांत खेरी नावाच्या जागी दोघांची भेट झाली. पुन्हा माहुलीसारखंच दृश्य, फक्त आता सगळे पत्ते एकाच्या हातात. अटी अशा: बाजीरावानं स्वतःसाठी आणि वारसांसाठी गादीवरचा हक्क सोडायचा, दक्षिण सोडून उत्तरेत एखाद्या तीर्थस्थानी राहायचं, आणि बदल्यात वर्षाला किमान आठ लाख रुपये तनखा. ३ जूनला बाजीराव छावणीत आला.

आठ लाख! गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज चिडला. लढाई तर संपतच आली होती, एवढी रक्कम कबूल करायची गरज काय? माल्कमचं उत्तर व्यापाऱ्याचं होतं. बाजीराव असीरगडात शिरला असता तर पावसाळाभर वेढा घालून बसावं लागलं असतं, त्याचा खर्च मोजा. शब्द दिला गेला होता म्हणून हेस्टिंग्जनं तो मोडला नाही. आता तुम्ही गणित करा. बाजीराव बिठूरला २८ जानेवारी १८५१ पर्यंत जगला. जवळपास साडेबत्तीस वर्षं गुणिले आठ लाख. अडीच कोटींच्या वर जातं. तो गेल्यावर डलहौसीनं दत्तक मुलाला तनखा नाकारला. तो मुलगा नानासाहेब. त्यानं अजीमुल्ला खानाला लंडनला दाद मागायला पाठवलं, उपयोग झाला नाही, आणि १८५७ आलं. माल्कमच्या तंबूत ठरलेल्या कलमाचा धागा असा चाळीस वर्षं लांब जातो. मात्र यावरून 'माल्कममुळे १८५७ झालं' असं वाक्य थिसिसमध्ये लिहू नका. एका घटनेनंतर दुसरी आली म्हणून पहिली कारण ठरत नाही, हे आपल्याला विज्ञानवाल्यांना तरी सांगायला नको.

आप्पासाहेब भोसल्यांचं प्रकरणही तिथंच येऊन मिळतं. ते कैदेतून निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आधारानं काही महिने राहिले, मग १८१९ मध्ये असीरगडला पोचले. बरोबर चितू पेंढारी होता, ज्याचा शेवट जंगलात वाघाच्या तोंडी झाला. एप्रिल १८१९ मध्ये डव्हटन आणि माल्कम यांनी असीरगड घेतला, पण आप्पासाहेब तिथूनही निसटले होते. महादेवाच्या डोंगरातल्या त्या महिन्यांबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते पाठलाग करणाऱ्यांच्या कागदांतून. ज्या गोंड गावांनी त्यांना जेवू घातलं त्यांची बाजू त्या कागदांत 'आप्पासाहेबाला सामील' एवढ्या दोन शब्दांत संपते. पुढं चाळीस वर्षांनी आपल्याच भागात बाबुराव शेडमाकेंच्या बाबतीतही हेच. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याला फाशी दिल्याची नोंद सरकारकडे होते, आणि बाकीचं लोकांच्या तोंडी राहतं. यावर वेगळं लिहीन कधीतरी.

१८१८ ते १८२१ माल्कम माळव्यात होता. मुक्काम महूला. हो, तेच महू, जिथं १८९१ मध्ये बाबासाहेबांचा जन्म झाला. मंदसौरच्या तहानंतर वसवलेली ती लष्करी छावणी. (महू म्हणजे इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचं नाव, असं व्हॉट्सॲपवर फिरतं. सोडून द्या. मऊ नावाचं गाव छावणीच्या आधीपासून तिथं होतं.) या तीन-चार वर्षांत त्यानं जे केलं ते संशोधनाच्या दृष्टीनं त्याच्या लढायांपेक्षा मोठं आहे. हाताखालच्या अधिकाऱ्यांना माहिती गोळा करायला लावली: वस्ती, जाती, महसूल, रस्ते, पिकं, घराण्यांचे इतिहास. १८२१ मध्ये निघताना त्यांच्यासाठी सविस्तर सूचना लिहून ठेवल्या, लोकांशी कसं बोलावं, अर्जदाराला ताटकळत कसं ठेवू नये, मध्यस्थांवर किती विसंबावं. आणि १८२३ मध्ये मध्य भारतावरचं दोन खंडांचं पुस्तक लंडनला छापलं.

या पुस्तकातलं अहिल्याबाई होळकरांवरचं प्रकरण जरूर वाचा. आज आपण अहिल्याबाईंबद्दल जे बोलतो त्यातलं बरंचसं फिरून फिरून तिथं जातं. अहिल्याबाई १३ ऑगस्ट १७९५ ला गेल्या. माल्कम माळव्यात स्थिरावला १८१८ ला. म्हणजे त्यानं त्यांना पाहिलेलं नाही. त्यानं केलं ते असं की त्यांच्या काळात नोकरीला असलेली, त्यांना पाहिलेली, जिवंत असलेली माणसं शोधली आणि विचारलं. होळकरांच्या घरची माणसं स्तुतीच करणार ही शंका त्यानं स्वतःच घेतली, म्हणून वेगवेगळ्या थरांतल्या लोकांकडून पडताळून पाहिलं, आणि आपण तसं केलं हे वाचकाला सांगितलं. आज आपण ज्याला मौखिक इतिहास म्हणतो आणि ज्यासाठी कोर्सवर्कमध्ये वेगळं युनिट असतं, ते हा फौजी १८२० च्या सुमारास करत होता. मुलगी मुक्ताबाई सती गेली तेव्हाचं अहिल्याबाईंचं दुःख त्यानं लिहिलंय ते अशाच ऐकलेल्या आठवणींवरून.

पण पडताळणीचीही एक हद्द असते. पंचवीस वर्षांपूर्वीचा काळ सांगणारी ही माणसं मधल्या काळात काय भोगून आली होती? यशवंतरावाच्या लढाया, पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्या, १८०३-०४ चा दुष्काळ. त्या होरपळीनंतर मागं वळून पाहिलं तर अहिल्याबाईंचा काळ आणखी उजळच दिसणार. आणि विचारणारा कोण? नवा सत्ताधीश, ज्याला दाखवायचंय की चांगलं राज्य म्हणजे शांतता, आणि आता ती शांतता आम्ही आणलीय. सांगणारा आणि विचारणारा दोघांनाही एकच चित्र हवं होतं. म्हणून अहिल्याबाई थोर नव्हत्या असं अजिबात नाही. त्यांच्या दानधर्माचे, घाटांचे, देवळांचे पुरावे काशीपासून रामेश्वरपर्यंत दगडात उभे आहेत. मुद्दा एवढाच की दगडाचा पुरावा आणि माल्कमच्या पानाचा पुरावा हे दोन वेगळे पुरावे आहेत, आणि त्याच्या पानावरून उतरवलेली पुढची दहा पुस्तकं म्हणजे दहा पुरावे नव्हेत. स्कॉटिश कवयित्री जोआना बेली हिनं १८४९ मध्ये अहिल्याबाईंवर दीर्घ कविता छापली, ती भारतात कधी आली नव्हती. तिचा आधार माल्कमच. एका नमुन्याच्या दहा झेरॉक्स काढून एन बरोबर दहा लिहायचं नसतं.

त्याच पुस्तकात भिल्लांवरचं लिखाणही आहे, आणि ते आपल्यासाठी जास्त अवघड आहे. इथं माल्कमनं पडताळणीला इतका वेळ दिलेला दिसत नाही. रजपूत, ब्राह्मण, जमीनदार यांच्याशी तो बसून बोलला, वंशावळी ऐकल्या. भिल्ल त्याच्या पानावर येतात ते मुख्यतः वाटमारी करणारे, घाट अडवणारे म्हणून. त्याचा उपाय मात्र नुसत्या बंदुकीचा नव्हता. त्यांच्या नाईकांशी करार करा, घाटाची राखण त्यांनाच द्या, पगार द्या, त्यांच्यातूनच शिपाई भरती करा. पुढं १८२५ पासून खानदेशात एल्फिन्स्टनच्या काळात भिल्ल एजन्सी आणि आउट्रमची भिल्ल पलटण झाली ती याच जातीच्या विचारातून. काही इतिहासकार याला उदारपणा म्हणतात. मला विचाराल तर ती व्यवस्थापकाची हुशारी होती. घाटातून जाणाऱ्याकडून काही घेणं हा भिल्लांचा जुना हक्क होता की गुन्हा, हा मूळ प्रश्न त्यात विचारलाच गेला नाही. उत्तर आधीच ठरवून प्रश्नावली काढली की असं होतं. धानोरा तालुक्यात मेंढा-लेखासारख्या गावाला स्वतःच्या जंगलावरचा सामूहिक हक्क कागदावर यायला २००९ उजाडावं लागलं. त्याआधीच्या दोनशे वर्षांच्या कागदांत हक्क हा शब्द किती कमी येतो आणि उपद्रव हा शब्द किती वेळा येतो, हे कुणी तरी मोजायला हवं. विषय शोधताय ना? घ्या.

आता गव्हर्नरपदाकडे. १८१९ मध्ये मुंबईचं गव्हर्नरपद रिकामं होत होतं आणि लंडनहून तीन नावं सुचवली गेली होती: माल्कम, मन्रो, एल्फिन्स्टन. निवड झाली तिघांत लहान असलेल्या, माल्कमपेक्षा दहा वर्षांनी धाकट्या एल्फिन्स्टनची. मद्रास मन्रोला मिळालं. माल्कमला हे फार लागलं. चिडून तो इंग्लंडला परतला, पुस्तकं छापली, संचालकांच्या आणि मंत्र्यांच्या पायऱ्या झिजवल्या. मध्य भारतावरचं १८२३ चं आणि हिंदुस्थानच्या राजकीय इतिहासावरचं १८२६ चं पुस्तक याच वर्षांतली. म्हणजे जे ग्रंथ आपण 'स्रोत' म्हणून वापरतो, ते पद मिळवू पाहणाऱ्या माणसाचे ग्रंथ आहेत. तेव्हा अर्जाला जोडलेला बायोडेटा जसा वाचायचा, तसे ते वाचा. त्यात खोटं असेलच असं नाही, पण निवड नक्की असते.

१ नोव्हेंबर १८२७ ला तो मुंबईचा गव्हर्नर झाला. तीन वर्षं. कंपनीला पैसे वाचवायचे होते, त्यानं काटकसर केली आणि बरेच शत्रू केले. धाकटा भाऊ चार्ल्स त्याच सुमारास मुंबईच्या कंपनी आरमाराचा प्रमुख झाला. लोक बोलले असतील तर नवल नाही. त्याच्या काळातली तुमच्या ओळखीची गोष्ट म्हणजे महाबळेश्वर. १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी अदलाबदलीचा करार करून ती जागा घेतली आणि तिथल्या पेठेला नाव पडलं माल्कम पेठ. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये ह्यू लिंडसे ही आगबोट मुंबईहून सुएझकडे निघाली. सतीबंदीचा कायदा बंगालमध्ये डिसेंबर १८२९ ला झाला, मुंबई इलाख्यात १८३० ला आला.

पण त्या तीन वर्षांतलं सगळ्यात रंगलेलं प्रकरण वेगळंच आहे, आणि त्यातच आपला जनरल राजकारणी म्हणून नीट दिसतो. पुण्यातला मोरो रघुनाथ नावाचा साधारण चौदा वर्षांचा ब्राह्मण मुलगा नातेवाईक पालकाच्या, पांडुरंग रामचंद्र ढमढेरे यांच्या ताब्यात होता. त्याला डांबून ठेवलंय अशी तक्रार मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेली. १८२८ मध्ये कोर्टानं मुलाला हजर करा असा हेबियस कॉर्पसचा हुकूम काढला. माल्कमच्या सरकारनं तो बजावायला नकार दिला. म्हणणं असं की हे कोर्ट मुंबई शहरापुरतं, पुण्यातल्या रयतेवर त्याचा अंमल चालत नाही, आणि दख्खनच्या सरदारांना आपण जे मान-मरातब कबूल केलेत ते या हुकमानं मोडतील. न्यायाधीश वेस्ट आणि चेंबर्स त्याच वर्षी वारले. उरले एकटे सर जॉन पीटर ग्रँट. हटवादी माणूस. त्यांनी एप्रिल १८२९ मध्ये कोर्टच बंद करून टाकलं! गव्हर्नर हुकूम मानत नाही तर मी न्याय देणार कसा, असा सवाल. लंडनमध्ये लॉर्ड एलनबरो या मंत्र्यानं माल्कमला खाजगी पत्र लिहिलं की आम्ही दोन नवे न्यायाधीश पाठवतोय, म्हणजे ग्रँट हा दोन माणसाळलेल्या हत्तींमध्ये बांधलेल्या रानहत्तीसारखा होईल. पत्र फुटलं, छापलं गेलं, गदारोळ झाला. मंत्र्यानंच न्यायाधीशांना पाळीव म्हटलं म्हटल्यावर होणारच. शेवटी प्रिव्ही कौन्सिलनं सरकारच्या बाजूनं निकाल दिला.

तुम्ही कुणाच्या बाजूनं? पहिल्यांदा वाचताना बहुतेक जण ग्रँटच्या बाजूनं उभे राहतात. कायद्याचं राज्य विरुद्ध फौजी गव्हर्नर, सरळ मामला. दुसऱ्यांदा वाचताना दिसतं की माल्कम ज्याची बाजू लढवतोय त्यात सरदारांना दिलेला शब्द आहे, माहुलीपासून खेरीपर्यंत त्याची सगळी पद्धत आहे: इथल्या बड्या घराण्यांना सांभाळा, राज्य स्वस्तात चालेल. आणि तिसऱ्यांदा वाचताना लक्षात येतं की या सगळ्या भांडणात मोरो रघुनाथला कुणी विचारलेलंच नाही. शेकडो पानं छापली गेली, हत्ती आले, प्रिव्ही कौन्सिल आलं, आणि त्या पोराचं म्हणणं काय होतं ते या पानांत शोधावं लागतं. माझ्या गाईडचा एक लाडका प्रश्न आहे, 'यात गप्प कोण आहे?' तो इथं लागू पडतो.

डिसेंबर १८३० मध्ये माल्कम मुंबईहून निघाला आणि १८३१ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये पोचलासुद्धा. एवढ्या लवकर कसा? निवडणूक लढवून नव्हे. कॉर्नवॉलमधला लॉन्स्टन हा मतदारसंघ ड्यूक ऑफ नॉर्थंबरलंडच्या खिशातला होता. मूठभर मतदार, ड्यूक सांगेल तो उमेदवार. असे मतदारसंघ कमी करण्यासाठीच तेव्हा सुधारणा विधेयक आलं होतं आणि माल्कम त्याच्या विरोधात बोलला. त्याचा एक युक्तिवाद मात्र ऐकण्यासारखा आहे. हिंदुस्थानची माहिती असलेली माणसं पार्लमेंटमध्ये येतात ती अशाच खिशातल्या जागांवरून. त्या गेल्या तर हिंदुस्थानबद्दल बोलणारं तिथं कुणी राहणार नाही. हिंदुस्थानी माणसानं स्वतः तिथं जाऊन बोलावं ही शक्यता त्या युक्तिवादात कुठं नव्हती. दादाभाई नौरोजी निवडून यायला अजून ६१ वर्षं होती.

१८३२ मध्ये विधेयक मंजूर झालं, लॉन्स्टनच्या दोनपैकी एक जागा गेली आणि माल्कमची खासदारकीही संपली. पुढच्या वर्षी कंपनीच्या सनदेचं नूतनीकरण होतं. त्यानं हिंदुस्थानच्या कारभारावर आणखी एक पुस्तक छापलं, कंपनीच्या भागधारकांच्या सभेत कंपनीच्या बाजूनं भाषण केलं, आणि थोड्याच दिवसांत पक्षाघाताचा झटका आला. ३० मे १८३३ ला लंडनमध्ये तो वारला. क्लाइव्हचं चरित्र अर्धवट राहिलं होतं, ते १८३६ मध्ये निघालं. त्याचं स्वतःचं चरित्र जॉन विल्यम के यानं १८५६ मध्ये दोन खंडांत लिहिलं, घरच्या कागदांवरून, पुष्कळ प्रेमानं. अलीकडचं हवं असेल तर जॅक हॅरिंग्टनचं २०१० चं पुस्तक घ्या, ते माल्कमच्या लिखाणाकडे राजकारण म्हणून बघतं.

मुंबईला गेलात तर एशियाटिक सोसायटीच्या टाऊन हॉलमध्ये चँट्रीनं घडवलेला त्याचा संगमरवरी पुतळा आहे, एल्फिन्स्टनच्या पुतळ्याच्या सोबतीला. तिथून आर्काइव्हज जवळ आहे. जाताना ओळखपत्र, विद्यापीठाचं पत्र आणि पेन्सिल न्या. पेन आत नेऊ देत नाहीत.